माझं खाकरणं आणि तिची वाकळ

२०२४ साल होतं आणि मला शहात्तरावं लागलं होतं. हे शाळेच्या दाखल्यावरचं वय. माय सांगायची त्या हिशेबानं आणखी दोन वर्षं धरायला हरकत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही चाकूरकडच्या आमच्या खेड्यात, गुरुजी आले तर. पुढं लातूरच्या बाजारात आलो आणि मापाडी झालो. चाळीस वर्षं तूर, हरभरा, करडी, सोयाबीन तोललं. हात पारड्याच्या साखळीचा आहे, पेनाचा नाही. तरी हे दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही, मीच लिहिलं आहे.

मापाडी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. तीन बांबूंच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला असायचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं, वर मधोमध काटा. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं मोजत जायचं. आणि लाभ म्हणायच्या आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा बघायचा. रिकामं असूनही एक पारडं खाली जात असेल तर त्या फरकाला पासंग म्हणतात. दुसऱ्या बाजूला खडा बांधून तो पासंग मारल्याशिवाय मी कधी पोत्याला हात लावला नाही. शेतकरी आणि आडत्याची तकरार झाली की दोघं माझ्याकडं बघायचे आणि मी काट्याकडं. काटा सांगेल ते कबूल करायचं, हा दस्तूर. पुढं बटणाचे काटे आले आणि आमच्यासारख्यांना घरी बसवून गेले. मी घरी बसलो नाही. रोज सकाळी बाजारातल्या चहाच्या टपरीवर जात राहिलो. काम नसलं म्हणून माणूस मापाडी राहत नाही असं नाही.

२०२४च्या दोन वर्षं आधी माझ्या घरचीला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. डॉक्टर म्हणाला, आजी आता कुणाला ओळखत नाहीत, ओळखतील अशी आशा धरू नका. पोरगा पुण्याला कंपनीत, सणाला येणारा. त्यानं ते ऐकून डोळे पुसले आणि गाडी धरली. सुनेनं सगळं केलं. धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. तिच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. पण तीही हळूहळू म्हणायला लागली, “मामा, त्यांना काई कळत न्हाई, तुम्ही उगं बोलत बसू नका.”

मी ते मानलं नाही. पन्नास वर्षांहून जास्त संसार केलेली बाई मला ओळखत नाही, असं एक डॉक्टर सांगतो आणि मी मान हलवायची? सारं जग विसरली तरी ती मला विसरायची नाही, यावर मी अडून बसलो होतो. त्यावरच दिवस काढत होतो म्हटलं तरी चालेल. दुसरं काही उरलं नव्हतं.

आमच्याकडं घरात शिरताना पुरुषानं खाकरायचं असतं. बायामाणसं बसलेली असतात, कुणाचा पदर ढळलेला असतो, सून न्हाणीत असते. दाराशी खाकरलं की आतल्या बाया सावरून बसतात. माझा बाप खाकरायचा, आजा खाकरायचा. माझं खाकरणं गल्लीत मशहूर होतं. शेजारच्या घरातली लेकरं म्हणायची, आबा आले. लकव्यानंतरही मी रोज दाराशी खाकरायचो आणि मगच तिच्या खाटेजवळ जायचो. तिला वाटू नये की आपण आजारी पडलो म्हणून ह्यांनी रीत सोडली.

ती पहिल्यापासून डाव्या कुशीवर झोपायची, आताही सून तिला बहुतेक तशीच ठेवायची, तोंड दाराकडं. डावा कान उशीवर दाबलेला, उजवा वर. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. जुनी गोष्ट. कान फुटला होता, पू झाला होता, असंच घरात सगळ्यांना माहीत होतं. चांगला कान वर आणि तोंड दाराकडं ठेवून ती माझी वाट बघते, असं मी सुनेला सांगायचो. सून तिची उशी नीट करायची.

होळीच्या आधी नात, ह्याच सुनेची लेक, आली. नांदेडला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. येताना खोकं घेऊन आली. त्यात वायरी, हिरव्या चकत्या, मण्यांएवढे बारीक दिवे. आल्या आल्या तिनं पेटीतून आजीची जुनी वाकळ काढली. घरचीनं स्वतःच्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली होती, दोन हिवाळे गेले असतील शिवण्यात. पोरीनं ती उसवली नाही, पण प्रत्येक ठिगळामागं एकेक दिवा टाचत बसली. तीन दिवस.

मी म्हणालो, “चित्र काढायला गेली होतीस ना गं? हे लायटिंगचं काम तर मंडपवाला बी करतो.”

“आबा, हेच चित्र हाय. परीक्षेचं.”

“कशाचं?”

“आजीचं.”

तिनं समजावून सांगितलं, मला कळलं तसं लिहितो. बोटाला एक चिमटा लावायचा. त्यातला उजेड कातडीतून रक्त बघतो, आणि नाडीच्या दर ठोक्याला वाकळीचं मधलं ठिगळ पिवळं पेटतं. तळहातावर दोन पट्ट्या बांधायच्या. माणूस आतून दचकलं की हाताला घाम फुटतो. डोळ्याला दिसत नाही इतका, पण पट्टीला कळतो. मग मधल्या ठिगळापासून कडेपर्यंत वाकळ लाल होत जाते. नांदेडला मोठ्या खोलीत अंधार करून ती वाकळ टांगायची. आजी तिथं येऊ शकत नाही, म्हणून तिची नाडी आणि त्या वेळचे घरातले आवाज यंत्रात साठवून न्यायचे. बघायला येणाऱ्यांनीही कडेच्या चिमट्यात बोट घालायचं. त्यांच्या नाडीवर कडेची ठिगळं पेटतील. म्हणजे बघणारा आणि आजी एकाच वाकळीत.

“आन् ह्यानं काय होतं?” मी विचारलं.

“आजीला बोलता येत न्हाई ना आबा. अंग बोलतं का ते बघायचं.”

हे मात्र माझ्या मनात शिरलं. मी म्हणालो, “म्हंजे हा काटा हाय तर.”

“हाव. काटाच म्हणा.”

चौथ्या दिवशी दुपारी पडदे लावून खोलीत अंधार केला. वाकळ खाटेच्या उशाकडच्या भिंतीवर टांगली. घरचीचं तोंड दाराकडं, तिला ती दिसत नव्हती. डाव्या हाताला चिमटा आणि पट्ट्या. मधलं ठिगळ पेटायला लागलं. पिवळं, विझलं, पिवळं, विझलं. मी मनात मोजलं. लाभ, दोन, तीन. सुनेनं तिचे केस विंचरले. ठिगळ तसंच, सावकाश. नातीनं हाक मारली, “आज्जी.” थोडी लाली आली आणि गेली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं कशाला तरी जबाब दिला होता.

मी गुपचूप बाहेर गेलो. ओसरीत थांबलो, आणि दाराशी रोजच्यासारखा खाकरलो.

आतून नात ओरडली, “आबा! आबा, लवकर या!”

आत गेलो तर वाकळ पेटल्यासारखी लाल. मधलं ठिगळ इतकं भराभर लुकलुकत होतं की मोजता येईना. कडेच्या शेवटच्या ठिगळापर्यंत लाली गेली होती. घरची हलली नव्हती. तोंडावर काही नाही. पण भिंत लाल झाली होती.

मी सुनेला म्हणालो, “काय गं? कळत न्हाई म्हणत होतीस ना?”

खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मी जेवलो नाही. इतका खुशीत होतो की भूकच गेली. दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांना सांगितलं. माझ्या जोडीचा एक हमाल आहे, माझ्याच वयाचा, पाठ वाकलेली, जीभ मात्र सरळ. तो म्हणाला, “तुह्या खाकरण्यानं तर बाजारातलं पोतं बी उठून बसंल. म्हातारी दचकली आसंल, त्यात काय? कुणी बी खाकरलं तरी लाल व्हईल.”

“कुणी बी न्हाई. मीच.”

“पासंग बघितला का?”

हा टोमणा मला लागला. मापाड्याला पासंग बघितला का म्हणणं म्हणजे बामणाला आंघोळ केली का विचारण्यासारखं. मी त्याला हाताला धरून घरी आणला.

पुन्हा पडदे, पुन्हा अंधार. नात म्हणाली, “चला, हे बी साठवून घेते.” आधी हमाल दाराशी खाकरला. त्याचं खाकरणं माझ्यापेक्षा मोठं, घसा तंबाखूचा. वाकळ जरा गुलाबी झाली आणि निवली. मग थांबून मी खाकरलो. हळू खाकरलो मुद्दाम. भडका झाला.

“मान्य?” मी म्हणालो.

हमालानं वाकळीकडं बघितलं, खाटेकडं बघितलं. “मान्य,” म्हणाला, पण हसला नाही. चहा न घेता गेला. तेव्हा मला ते खटकलं नाही.

सून दाराशी उभी होती. ती म्हणाली, “मामा, आता न खाकरता या.”

“कशाला?”

“रिकामं पारडं बी बघावं लागतं. तुम्हीच सांगता.”

माझंच बोलणं माझ्या तोंडावर. मी घराला वळसा घालून मागं गेलो आणि खिडकीच्या पडद्याच्या फटीतून बघत उभा राहिलो. लाली उतरायला पुष्कळ वेळ लागला. एक चहा करून पिऊन होईल इतका. मधलं ठिगळ सावकाश झालं. मग मी चपला काढून मागल्या दारानं शिरलो आणि तिच्या पाठीमागं स्टुलावर बसलो. हातभर अंतर. वाकळ शांत. मी बसून राहिलो. पिवळं, विझलं. इतकी शांत ती माझ्याजवळ कधी होती, मला आठवेना. मग सुनेनं कूस बदलायची म्हणून तिला उताणी केली, आणि तिची नजर माझ्यावर आली. भिंत लाल.

मी म्हणालो, “वारं लागलं जणू वायरीला. पंखा बंद करा.” पंखा बंदच होता. तराजू आपल्याविरुद्ध गेला की माणूस वाऱ्यावर ढकलतो. चाळीस वर्षं मी लोकांना हे करताना बघितलं, आणि तेव्हा मीच केलं.

संध्याकाळी नात वायरी आवरत होती. मी विचारलं, “हे लाल म्हंजे आनंदच ना?”

ती हात थांबवून म्हणाली, “आबा, खरं सांगू? यंत्राला आनंद आन् भ्या यातला फरक कळत न्हाई. अंग दोन्हीला सारखंच बोलतं. घाम तोच, ठोके तेच. बघणाऱ्यानं ठरवायचं.”

“आनंदच हाय,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. सून भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा थप थप सुरू झालं. नातीनं माझं खाकरणं यंत्रात घेतलं होतं. ते नांदेडला ऐकू येणार, याचा मला अभिमान वाटत होता.

नांदेडला तिचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी एसटीनं गेलो. धुतलेलं धोतर, फेटा. म्हटलं, आपलं खाकरणं टांगलंय, आपण बरं दिसावं. मोठी खोली, काळे पडदे. भिंतीवर वाकळ, तिच्या दोन्ही कडांना टेबलं, टेबलांवर चिमटे. कोपऱ्यात एक बाकडं होतं, तिथं अंधारात बसलो. नात बाहेर लोकांना समजावून सांगत होती. मी कोण ते आतल्यांना माहीत नव्हतं.

वाकळ एवढा वेळ मी कधी बघितली नव्हती. अंगावर घेतली होती, बघितली नव्हती. उजेड मागून आल्यावर एकेक लुगडं ओळखू यायला लागलं. हे पोराच्या बारशाचं. हे चाकूरच्या बाजारातलं. कडेला एक कांद्याच्या रंगाचं होतं. त्याच्यावर नजर थांबली आणि मी ती काढून घेतली.

लोक यायचे, बोट घालायचे, आपलं ठिगळ पेटलं की हसायचे. “ए, तुझं किती फास्ट चाललंय, पेपर हाय का उद्या?” असं. मधलं ठिगळ माझ्या घरचीचं, पिवळं, सावकाश. मग थोड्या थोड्या वेळानं भिंतीतून माझं खाकरणं यायचं आणि वाकळ लाल व्हायची. मी दरवेळी ताठ बसायचो.

दुपारून दोन बाया आल्या. मैत्रिणी असाव्यात, चाळिशीच्या आतबाहेर. दोघींनी दोन बाजूंनी बोटं घातली. एकमेकींना चिडवणं चाललं होतं. आणि माझं खाकरणं झालं.

दोघींची ठिगळं एकदम पळायला लागली. एकीनं बोट ओढून घेतलं.

“अगं बाई, धस्सच झालं. आमच्या घरचे असंच खाकरतात दारात.”

दुसरी हसत म्हणाली, “चुलीवर दूध ठिवून आल्यासारखं पळावं वाटलं बग.”

“आन् ही बिचारी,” पहिली वाकळीच्या मधल्या ठिगळाकडं बघून म्हणाली, “हिला पळता बी येत न्हाई.”

दोघी हसल्या, पण ते हसणं लवकर संपलं. त्या गेल्या.

मी उठलो. टेबलाजवळ जाऊन चिमट्यात बोट घातलं आणि थांबलो. माझं ठिगळ पेटलं, संथ. खाकरणं आलं. सगळी वाकळ लाल झाली, मधलं ठिगळ वेडं झालं, आणि माझं ठिगळ होतं तसंच चाललं. लाभ, दोन, तीन. मला माझी भीती कशी वाटणार?

आता ते लिहायला पाहिजे.

चाळीस वर्षं झाली असतील. ती दुपारची भाकरी घेऊन बाजारात आली होती. मी तोलत होतो. शेतकरी, आडत्या, हमाल, सगळे उभे. ती डबा ठेवता ठेवता म्हणाली, “अवो, डावं पारडं खाली हाय जणू.” सहज म्हणाली. हमाल हसले. कुणीतरी म्हणालं, “मापाडीण आली बगा.” मी तोलत राहिलो. संध्याकाळी घरी गेलो, दाराशी खाकरलो, आत गेलो आणि तिच्या कानाखाली मारली. उजवा हात, पोती ओढून तयार झालेला. ती चुलीवर पडता पडता वाचली. कांद्याच्या रंगाचं लुगडं होतं. कानातून रक्त आलं, पुढं पू आला, आणि कान गेला. तिनं शेजारणींना सांगितलं, कान फुटला. मीही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पारडं उलटं करून बघितलं. बुडाला ओल्या मातीचा गोळा चिकटला होता. पारडं खरंच खाली होतं. मी गोळा काढून फेकला. तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

एकदाच मारलं, असं मी इथं लिहिलं होतं. मग खोडलं. एकदाच असतं तर तिनं चांगला कान वर ठेवून झोपायची सवय लावून घेतली नसती. त्या घरात माझं खाकरणं आधी यायचं आणि मी नंतर. मधल्या तेवढ्या वेळात तिला कळायचं की आज सावरून बसायचं का नुसतं बसायचं. डॉक्टर म्हणाला ते खोटं होतं. ती मला ओळखत होती. मी तेवढंच सिद्ध करायला निघालो होतो आणि ते झालं.

नात आत आली. “आबा, अंधारात काय करताव? चला, सरांशी गाठ घालून देते.”

“माझं खाकरणं काढून टाक,” मी म्हणालो.

“का?”

“काढ म्हणलं की काढ.”

“आबा, परीक्षा हाय माझी. उगं कसं काढू? काय झालं ते सांगा.”

तिच्यासमोर उभं राहून बोलवेना. मी बाकड्यावर बसलो. ती खाली माझ्या पायाशी बसली. मी म्हणालो, “तुझ्या आज्जीचा कान फुटला न्हवता.”

तिनं वर बघितलं. मी माझा उजवा हात मांडीवर ठेवला होता, तिची नजर त्याच्यावर गेली. मी लपवला नाही. तेवढ्यात भिंतीतून मी खाकरलो आणि तिच्या तोंडावर लाल उजेड पडला.

“आईला ठावं हाय?” तिनं विचारलं.

“सांगितलं न्हाई कधी. पर ठावं आसंल.”

“आता तर काढतच न्हाई, आबा,” ती म्हणाली. रडत नव्हती. माझ्यासारखीच अडेल आहे. “तुम्हाला ऐकवत नसंल तर बाहेर बसा.”

तिला माझ्याशी असं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. ती उठून लोकांकडं गेली. पाणी विचारलं नाही, स्टँडवर सोडायला आली नाही. तिचं बरोबर होतं. काटा सांगेल ते कबूल करायचं, हे मीच तिला लहानपणी सांगितलं होतं.

संध्याकाळी लातूरला उतरलो. गल्लीत आलो तसा घसा भरून आला. म्हातारपणी कफ असतोच, शिवाय पन्नास वर्षांची सवय. दाराची चौकट दिसली की आपोआप येतं. मी उपरणं तोंडात धरलं आणि ओसरीत उभा राहिलो. आत सून तिला खिमट भरवत होती, चमच्याचा आवाज येत होता. तसा किती वेळ उभा होतो माहीत नाही. सून भांडं धुवायला बाहेर आली आणि मला बघून दचकली.

“मामा! खाकरला न्हाईत?”

“न्हाई.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझं ताट तिनं ओसरीतच आणून ठेवलं आणि मी तिथंच जेवलो, तिथंच पडलो. माफी मागणं मला येत नाही, आधी कधी मागितली नाही. आणि मागायची म्हटलं तर तिच्याजवळ जावं लागलं असतं, बोलावं लागलं असतं, आणि माझा आवाज ऐकून तिचा हात घामानं भिजला असता. वाकळ नांदेडला होती. भिजला का नाही हेही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, गल्लीच्या टोकाला जाऊन खाकरून घेतलं आणि परत आलो. सून अंगण झाडत होती. तिला म्हणालो, “आत जा, आन् तिच्या चांगल्या कानात सांग. म्हणावं, ते चाकूरला गेले. आता लवकर यायचे न्हाईत.”

सून झाडणी हातात धरून उभी राहिली. मग झाडणी भिंतीला टेकवून आत गेली. तिचं बोलणं मला बाहेर ऐकू आलं, हळू आवाजात, दोनदा सांगितलं तिनं.

तिच्या कानात खोटं जाऊ नये म्हणून मी पिशवीत दोन धोतरं घातली, चपला हातात घेऊन ओसरी उतरलो, आणि चाकूरची गाडी धरली.